तेरा वर्षं आणि एक दिवस : प्रस्तावना

ठाण्याच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मुलगा एका सोमवारी आला नाही. मंगळवारी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. "काल माझा बार मित्झ्वा झाला, तेरा पूर्ण झाली," असं त्याने वर्गशिक्षकांना सांगितलं. सरांनी हजेरीपट उघडून त्याची जन्मतारीख पाहिली आणि म्हणाले, "अरे, तुला तेरा पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे आहेत." त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "तो शाळेतला वाढदिवस, सर."

आम्ही हसलो, पेढे खाल्ले, आणि घरी जाऊन मी सांगितलं की त्याची मुंज झाली. आमच्या घरी हे उत्तर सगळ्यांना पटलं. शनवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या ज्यूंच्या, मुलाची मुंज! मराठी माणसाला बार मित्झ्वा समजावून सांगायचा तर आजही हाच शब्द पहिल्यांदा तोंडावर येतो. मुलगा, ठरावीक वय, पाठांतर, वडीलधाऱ्यांसमोर ग्रंथातलं काही म्हणून दाखवणं, मग जेवण. सगळं जुळतं. मी पुढे बरीच वर्षं याच समजुतीत होतो.

ही तुलना मदत करते तशीच फसवतेही. मुंज करावी लागते. मुहूर्त काढावा लागतो, आणि मुंज लागल्याशिवाय मुलगा बटू होत नाही. माझी मुंज आठव्या वर्षी व्हायची ती चुलतभावाबरोबर एकाच मांडवात उरकायची म्हणून अकराव्या वर्षी, मे महिन्याच्या सुट्टीत झाली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. बार मित्झ्वाचं तसं नाही. मुलगा झोपेत असला, तापाने फणफणलेला असला, आईवडिलांना तारखेचा पत्ताही नसला, तरी ठरलेल्या संध्याकाळी सूर्य मावळून रात्र पडली की तो बार मित्झ्वा झालेला असतो. सोहळा झाला नाही म्हणून तो अडत नाही आणि आधी केला म्हणून तो आधी होत नाही. त्याच्यासाठी मुहूर्त काढण्याची सोयच नाही.

मग लोक तारीख ठरवतात ती कशाची? या पुस्तकाचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. दिवस हलत नाही, सोहळा हलतो. त्या न हलणाऱ्या दिवसाच्या किती जवळ सोहळा ठेवायचा, कशासाठी थोडा पुढे न्यायचा, आणि कुठल्याही परिस्थितीत काय अलीकडे आणायचं नाही, याबद्दल ज्यू धर्मशास्त्र्यांनी निदान आठ-नऊशे वर्षं बारीक कीस काढला आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. 'बार' हा अरमाइक शब्द, अर्थ पुत्र. 'मित्झ्वा' म्हणजे आज्ञा. आज्ञेचा पुत्र, म्हणजे आज्ञांना बांधलेला माणूस. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू कायद्यावरच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, हा शब्द येतो तेव्हा तो कुठल्याही समारंभाचं नाव नसतो, तर एका कायदेशीर अवस्थेचं नाव असतो. आपण म्हणतो 'सज्ञान झाला', तसं. 'त्याचा बार मित्झ्वा केला' हा प्रयोग फार नंतरचा. आज तोच रूढ आहे आणि मीही या पुस्तकात तो सर्रास वापरला आहे. शुद्धतेचा हट्ट धरला असता तर निम्मी वाक्यं लिहिता आली नसती.

तेरा हे वय मिश्नेत दोन ठिकाणी भेटतं. मिश्ना म्हणजे इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेला मौखिक कायद्याचा पहिला मोठा ग्रंथ. त्याच्या 'आवोत' या भागात माणसाच्या आयुष्याचे टप्पे सांगितले आहेत: पाचव्या वर्षी धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी आज्ञापालन, अठराव्या वर्षी लग्न, असं करत शंभरीपर्यंत. हा उतारा सगळे सांगतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आहे 'निद्दा' या भागात, आणि त्याचा विषय चक्क नवस आहे. लहान मुलाने बोललेला नवस बांधील की नाही? तिथला हिशोब असा: मुलाला तेरा वर्षं आणि एक दिवस झाला, मुलीला बारा वर्षं आणि एक दिवस झाला, की नवस पक्का. त्याआधीच्या एका वर्षात मुलाला विचारून पाहायचं, आपण कुणाला काय बोललो हे त्याला कळतंय का. त्याहून लहान असेल तर त्याने कितीही ठामपणे सांगितलं तरी नवस पोकळ. एखाद्या समाजाने 'समज कधी येते' हे ठरवण्यासाठी परीक्षेचे किंवा मिळकतीचे निकष न लावता 'दिलेला शब्द कधी धरायचा' हा निकष लावावा, याचं मला आजही कौतुक वाटतं.

वय पुरेसं नव्हतं. शरीरावर वयात आल्याची खूण, शास्त्रकारांच्या भाषेत 'दोन केस', हीही अट होती. पण प्रत्येक मुलाची तपासणी कोण करणार? तालमूदमधले रावा यांनी त्यावर व्यवहारी तोड काढली: वय पूर्ण झालं की खूण आली असं गृहीत धरावं. दैनंदिन प्रार्थनेसाठी, सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या संख्येसाठी हे गृहीत चालतं. मूळ तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, कडक आज्ञांच्या बाबतीत मात्र नंतरचे शास्त्री बिचकतात. म्हणूनच वर्षातून एकदा होणाऱ्या 'झाखोर' या विशेष वाचनासाठी कालपरवा तेरा पूर्ण केलेल्या मुलाला उभं करावं का, याची चर्चा अजून चालते.

तेराच का? याची दोन उत्तरं आहेत. फ्रान्समधल्या त्रुआ गावचे राशी (मृत्यू 1105) यांच्या परंपरेत बायबलमधला दाखला देतात: याकोबाचा मुलगा लेवी याला 'पुरुष' म्हटलं तेव्हा त्याचं वय, हिशोब केला तर, तेरा भरतं. जर्मनीतून स्पेनमधल्या तोलेदोला गेलेले रब्बी आशेर बेन येहिएल (मृत्यू 1327) अशा आकडेमोडीच्या वाटेला जात नाहीत. मापं ही मापं असतात, सिनाय पर्वतापासून तोंडी चालत आली आहेत, असं ते सांगतात. मला दुसरं उत्तर प्रामाणिक वाटतं. मतदानाला अठराच का, याचं तरी आपल्याकडे याहून वेगळं काय उत्तर आहे?

आता त्या 'एक दिवसा'कडे येऊ, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. पुष्कळ लोकांना वाटतं की तेरावा वाढदिवस उलटल्यावर आणखी एक दिवस थांबायचं. तसं नाही. समजा, मुलगा निसान महिन्याच्या दहा तारखेला जन्मला. तेराव्या वर्षी निसानच्या नऊ तारखेचा सूर्य मावळून रात्र झाली की तेरा वर्षं पूर्ण. लगेच सुरू होणारी दहा तारीख हाच तो 'एक दिवस', चौदाव्या वर्षाचा पहिला. जन्म दुपारी चारचा असला तरी चारपर्यंत वाट पाहायची नाही. रात्रीच्या आरंभापासून तो बांधील.

आपला पंचांगातला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, घड्याळाचा मध्यरात्रीपासून, आणि ज्यूंचा संध्याकाळपासून. या तीन हिशोबांच्या फटीत किती घरांच्या तारखा चुकल्या असतील! रात्री आठला जन्मलेल्या मुलाची हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची असते. संधिप्रकाशात जन्मलेल्याचं तर काहीच नक्की सांगता येत नाही. अशा वेळी सावध पक्ष म्हणून नंतरचा दिवस धरतात. माझ्या त्या बाकावरच्या मित्राच्या आईने त्याच्या जन्माच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान जपून ठेवलं होतं. तारखेभोवती निळ्या शाईचं वर्तुळ, आणि शेजारी एकच शब्द: 'दिवेलागणीनंतर'. काकूंनी ते मला दाखवलं तेव्हा त्या शब्दाचं वजन मला कळलं नव्हतं. त्या एका शब्दावर तेरा वर्षांनंतरचा एक अख्खा दिवस टांगलेला होता.

या सीमारेषेची व्यवहारातली कसोटी शुक्रवारी संध्याकाळी लागते. उन्हाळ्यात शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना बऱ्याच ठिकाणी सूर्य मावळण्याआधीच सुरू करतात. मुलाचे तेरा शनिवारच्या तारखेला भरत असतील तर उजेड असताना सुरू झालेल्या या प्रार्थनेचं नेतृत्व त्याने करावं का? बाकीच्यांसाठी शब्बाथ लागला, कारण त्यांनी तो आपणहून लवकर स्वीकारला. वय मात्र असं आपणहून लवकर स्वीकारता येत नाही. सतराव्या शतकात पोलंडमधल्या अव्राहाम गोम्बिनर यांनी हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. मुलाने अंधार पडेपर्यंत थांबायचं.

महिन्यांचा हिशोब मराठी वाचकाला समजावून सांगणं सोपं, कारण त्याच्या घरी भिंतीवर पंचांग असतं. हिब्रू महिनाही आपल्या महाराष्ट्रातल्या महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. चांद्रवर्ष सौरवर्षाच्या मागे पडतं म्हणून मधूनमधून एक जादा महिना घालावा लागतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. आपला अधिक मास वेगवेगळ्या महिन्यांना जोडून येतो. त्यांचा नेहमी आदारच. आधी येतो तो पहिला आदार, म्हणजे अधिक. मागून येतो तो दुसरा, म्हणजे निज. पुरिम हा सण निज आदारात. या जादा महिन्यांमुळेच तेरा वर्षांनी हिब्रू वाढदिवस इंग्रजी वाढदिवसाच्या साधारण तीन आठवडे आधी किंवा आठवडाभर नंतर पडतो. आमच्या सरांचा हजेरीपट बरोबर होता, आणि माझा मित्रही.

आदारची खरी गंमत रब्बी योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरुख' या सोळाव्या शतकातल्या धर्मसंहितेत नोंदलेली आहे. तिचं उदाहरण मी आजच्या तारखांत मांडतो. 2016मध्ये अधिक आदार होता. एक मुलगा 9 मार्चला दिवसा जन्मला, हिब्रू तारीख पहिल्या आदारची 29. दुसरा दोन दिवसांनी, 11 मार्चला दिवसा जन्मला, तारीख दुसऱ्या आदारची 1. तेरा वर्षांनी, 2029मध्ये, आदार एकच आहे. धाकट्याची 1 आदार येते 16 फेब्रुवारीला. थोरल्याची 29 आदार येते 16 मार्चला. दोन दिवसांनी मोठा असलेला मुलगा अठ्ठावीस दिवसांनी मागाहून सज्ञान होतो. मधल्या काळात धाकटा प्रार्थनेच्या दहा जणांत मोजला जाईल, थोरला शेजारी उभा राहूनही मोजला जाणार नाही. कायद्याला यात काही विचित्र वाटत नाही. गणित लावायचं तर शेवटपर्यंत लावायचं, ही या परंपरेची सवय आहे आणि मला ती आवडते.

इथवरचा भाग न हलणाऱ्या दिवसाचा झाला. सोहळा हे प्रकरण बरंच उशिराचं. तालमूदच्या काळात बार मित्झ्वाचा समारंभ असल्याचा पुरावा नाही. आज आपण ओळखतो तो सोहळा मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि आसपासच्या आश्केनाझी समाजात आकाराला आला. त्याला शास्त्राधार हवा होता, आणि तो लुब्लिनच्या शलोमो लुरिया (मृत्यू 1573) यांनी तालमूदमधल्या एका आंधळ्या पंडिताच्या गोष्टीतून काढला.

राव योसेफ यांची दृष्टी गेलेली होती. आंधळ्यावर आज्ञापालनाची सक्ती नाही असं एक मत होतं, आणि आधी त्यांना ते बरंच वाटायचं: सक्ती नसताना आपण सगळं पाळतो, म्हणजे आपलं पुण्य जास्त! मग त्यांच्या कानावर आलं की उलट आहे. स्वेच्छेने करणाऱ्यापेक्षा आज्ञा आहे म्हणून करणारा श्रेष्ठ. तेव्हा ते म्हणाले की आंधळ्यालाही सक्ती आहे असं मला कुणी सिद्ध करून दिलं तर मी सगळ्या पंडितांना मेजवानी देईन. लुरिया यांचा युक्तिवाद सरळ आहे. ज्याला बंधनात असल्याची नुसती खात्री मिळणार होती तो मेजवानी द्यायला तयार होता, तर जो मुलगा आज खरोखर बंधनात आला त्याच्या घरी जेवण का नको? म्हणून त्या दिवसाचं जेवण हे नुसतं जेवण राहत नाही, धर्मकृत्य ठरतं. पण 'त्या दिवसाचं' हा शब्द इथे महत्त्वाचा. दिवस टळून गेला तर? लुरिया वाट ठेवतात: मुलगा जेवणात तोराविषयी प्रवचन करणार असेल तर दुसऱ्या दिवशीचं जेवणही धर्मकृत्यच. जगभर तेरा वर्षांची मुलं माईकसमोर घसा खाकरून भाषण करतात, त्यामागे तारीख सोयीने हलवता यावी ही खटपटही आहे. युरोपातल्या ज्यू पंचायतींना पुढे या जेवणावळींवर पाहुण्यांची मर्यादा घालावी लागली, यावरून सोय लोकांना किती मानवली ते दिसतं.

बापाचा आशीर्वचनी उद्गार हीदेखील वेळेची बाब आहे. मुलगा तेराचा झाला की बापाने देवाचे आभार मानायचे, याच्या शिक्षेतून मला मोकळं केलंस म्हणून. म्हणजे आजवर मुलाच्या चुका बापाच्या खात्यावर होत्या, आजपासून नाहीत. काहींनी अर्थ उलटा लावला: आजपासून बापाच्या पापांचा भार मुलावर नाही. क्राकूवचे मोशे इस्सर्लेस यांनी हा उद्गार देवाचं नाव न घेता म्हणावा असं सुचवलं, कारण तालमूदमध्ये तो आशीर्वचन म्हणून आलेला नाही. विल्ना इथले गाओन नावासह म्हणण्याच्या बाजूचे. म्हणायचा कधी, तर मुलगा पहिल्यांदा तोरापाठाला उभा राहतो तेव्हा. हा क्षण जन्मदिवसाच्या नंतर कितीही दिवसांनी येऊ शकतो. मोकळा झालेला बाप ते जाहीर करायला शनिवारपर्यंत थांबलेला असतो.

तोरापाठाला बोलावणं हा आज सोहळ्याचा गाभा समजला जातो. आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचा तेराशी काही संबंध नाही, हा या विषयातला सर्वांत मोठा विरोधाभास. शब्बाथला बोलावल्या जाणाऱ्या सात जणांत लहान मूलही चालतं असं तालमूद सांगतं. हाफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला पाठ, तोही मुलाने वाचलेला चालतो. येमेनच्या ज्यूंमध्ये तर चिमुरडी पोरं वाचायला उभी राहत. त्यांच्यात तेराव्या वर्षाचा वेगळा सोहळाच नव्हता, कारण वेगळं दाखवण्यासारखं काही उरतच नव्हतं. आश्केनाझींनी लहान मुलांना तोरापाठाच्या चौथऱ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा पाडली आणि मग तेराव्या वर्षी तिथे चढणं हाच मोठा प्रसंग झाला. दार आधी बंद केलं, म्हणून ते उघडण्याचा उत्सव करता आला.

तेफिलीनचं उलट. डाव्या हाताला आणि कपाळावर बांधायच्या या चामडी पेटिका, आत तोराचे उतारे. मूळ नियम वयावर नाही, शुचिता सांभाळता येण्यावर होता. इस्सर्लेस यांनी तेरा आणि एक दिवस झाल्याशिवाय बांधू नये असं लिहिलं. प्रत्यक्षात सरावासाठी महिना-दोन महिने आधी सुरू करण्याची चाल पडली. काही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, घरांत त्याहूनही आधी. तेफिलीन शब्बाथला बांधत नाहीत, त्यामुळे शनिवारी तेरा भरले तर पहिल्या दिवशी तोरापाठ, तेफिलीन रविवारी. मोरोक्कोसारख्या ठिकाणच्या ज्यूंनी यावर छान तोडगा काढला. तोरा आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात, आणि त्या दिवशी तेफिलीनही असतात. सोहळा त्या वारी ठेवला की दोन्ही साधतं. माझा मित्र सोमवारी गैरहजर का होता, हे मला हे वाचल्यावर उमगलं.

जेरुसलेमच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी सोमवारी-गुरुवारी सकाळी गेलं तर हा तोडगा डोळ्यांनी दिसतो. ढोल, शिंगाच्या शोफारचे भोंगे, चार काठ्यांवर धरलेलं छत, त्याखाली घामाघूम झालेला मुलगा, आणि पडद्यापलीकडून बायका खुर्च्यांवर चढून गोळ्या-चॉकलेटं उधळताहेत. शनिवारी इथे ना वाद्य, ना गाडी, ना फोटो. आजच्या कुटुंबाला फोटो हवेच असतात. कॅमेऱ्याने जुन्या सेफार्दी प्रथेला असं नवं बळ दिलं.

जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुधारकांना हे सगळंच बालिश वाटू लागलं. तेराव्या वर्षी कसली समज, असा त्यांचा प्रश्न. त्यांनी चर्चच्या धर्तीवर वर्गातल्या मुलामुलींचं सामुदायिक 'कन्फर्मेशन' आणलं, पुढे ते पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत गेलं. तर्क चांगला होता, पण लोकांनी बार मित्झ्वा सोडला नाही. अमेरिकेतल्या सुधारक सिनेगॉगांतही तो परत आलाच. तिथे आता तारीख मुलाच्या जन्मापेक्षा सभागृहाच्या वहीवरून ठरते, दोन-दोन वर्षं आधी. उशीर चालतो. तेराच्या आधीची तारीख दिली तर मात्र परंपरावादी रब्बी हात वर करतात.

मुलींचा दिवस बाराव्या वर्षाचा, मिश्नेपासूनच ठरलेला. सोहळा मात्र जवळजवळ नव्हता. न्यूयॉर्कला 18 मार्च 1922 रोजी रब्बी मोर्देकाय कॅप्लान यांच्या मुलीने, जुडिथने, सिनेगॉगमध्ये तोराचा भाग वाचला. अमेरिकेतला पहिला बात मित्झ्वा म्हणून तो सांगितला जातो. त्यावेळी ती साडेबारा वर्षांची होती, म्हणजे तिचा दिवस कधीच येऊन गेलेला होता. पण त्याआधीच बगदादचे हाखाम योसेफ हाईम (1835–1909), ज्यांना 'बेन इश हाय' म्हणून ओळखतात, त्यांनी लिहून ठेवलं होतं की बारा पूर्ण होतील त्या दिवशी मुलीने शब्बाथचे कपडे घालावेत, जमल्यास नवं वस्त्र नेसून त्याचं आशीर्वचन म्हणावं आणि मनात आज्ञांचा भार स्वीकारल्याचा आनंदही धरावा. मला जुडिथच्या प्रसंगापेक्षा हे नवं वस्त्र जास्त भावतं. सिनेगॉग नाही, भाषण नाही, आणि तारीख अचूक. मुंबई-पुण्याचे बगदादी ज्यू मार्गदर्शनासाठी बगदादच्याच रब्बींकडे पाहत, त्यामुळे ही चाल भायखळ्यापर्यंत आली असणं स्वाभाविक आहे.

काही प्रश्न फक्त उल्लेखतो, आत त्यांची सविस्तर चर्चा आहे. पासोव्हरच्या सणात सुरू होणाऱ्या ओमेरच्या एकोणपन्नास दिवसांच्या मोजणीत मधेच तेरा पूर्ण झाले, तर आधीचे दिवस बालपणी मोजलेले. मग पुढे आशीर्वचनासह मोजायचं का? आव महिन्याच्या नऊ तारखेचा उपास शब्बाथमुळे दहा तारखेवर ढकलला, आणि मुलाचे तेरा नेमके दहाला भरले. खऱ्या तारखेला तो लहान होता, तर त्याने उपास करायचा का? शोककाळात वाद्यं नकोत, पण त्याच दिवसाच्या धर्मकृत्याच्या जेवणाला हरकत नाही. तेच जेवण सोयीने पुढे ढकललं की सवलत जाते. आणि सत्तरी हे माणसाचं आयुष्य धरून त्र्याऐंशीव्या वर्षी 'दुसरा बार मित्झ्वा' करणारे आजोबा, त्यांच्यावर शास्त्र काही बोलत नाही, नातवंडं बोलतात.

हे मराठीत का लिहायचं, असं मला विचारलं गेलं. कारण कोकणात हा विषय परका नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली परंपरा सांगणारे बेने इस्रायल शतकानुशतकं मराठी बोलत राहिले. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते; सुंता आठव्या दिवशी, शनिवारी घाणा बंद, आणि शेमाची प्रार्थना एवढं टिकलं. सणांना त्यांनी मराठी नावं दिली: नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. पुरिम फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचा सण. ज्यांनी आदार आणि फाल्गुन असे एकमेकांवर ठेवले त्यांना अधिक महिन्याचं कोडं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तालमूदी नियम आणि त्यांबरोबरचे सोहळे नंतर, कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे आणि पुढे बगदादींच्या शेजारामुळे रुजले. मुंबईत 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, लोक त्याला जुनी मशीद म्हणत. 1846मध्ये पासोव्हरचा हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. या समाजात मुलाच्या तेराव्या वर्षी सिनेगॉगमधला पाठ होतो, आणि शुभकार्याला एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदाही होतो: गोड पोहे, ओला नारळ, फळं. मलिद्याची वेळ कुठल्याही संहितेत नाही. ती घरची बायामाणसं ठरवतात, आणि वेळेवर ठरवतात.

आज हा हिशोब का हवा? अलिबाग, पनवेल, रेवदंडा इथल्या सिनेगॉगांत प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवणं कठीण झालं आहे. बहुतेक घरं इस्रायलला गेली. जिथे नऊ जण दाराकडे डोळे लावून बसलेले असतात, तिथे तेरा पूर्ण झालेला मुलगा म्हणजे दहावा माणूस. तो एक दिवस कमी असेल तर दहा होत नाहीत आणि मृतासाठीचा कद्दिश म्हणता येत नाही. मोठ्या शहरातल्या गर्दीच्या सिनेगॉगमध्ये तारखेची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. लहान गावात ती लगेच बोचते. दुसरं कारण गमतीचं. मुंबईचा मुलगा वर्षभर एक पाठ सुरावर घोकतो आणि आजीआजोबांसाठी सोहळा अश्दोद किंवा दिमोनाला ठेवतात. इस्रायलबाहेर पासोव्हर आठ दिवसांचा, इस्रायलमध्ये सात. आठवा दिवस शनिवारी आला की तिथले पाठ काही आठवडे एक पाऊल पुढे जातात. मुलगा विमानातून उतरतो तेव्हा त्याचा पाठ तिथे आदल्या शनिवारीच वाचून झालेला असतो.

या पुस्तकात मी शास्त्रग्रंथांचे निर्णय, समाजांच्या चालीरीती आणि पंचांगाचं गणित एकत्र ठेवलं आहे. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतात आणि एकमेकांशी क्वचित बोलतात. कुठली चाल 'खरी' हे ठरवायचा माझा अधिकार नाही, मी ज्यू नाही. पण जिथे एखादी सोय नियमाच्या वेषात वावरताना दिसली तिथे मी तसं म्हटलं आहे, आणि काही वाचकांना ते रुचणार नाही. मागे जोडलेली तारखांची कोष्टकं समजून घेण्यासाठी आहेत. आपल्या मुलाची तारीख त्यांवरून परस्पर ठरवू नये. हझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला, किंवा जाणत्या रब्बींना विचारावं.

आणि ज्यांच्या घरी आता बाळ येणार आहे त्यांना एक विनंती. जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते, आणि दवाखान्याचे कागद तेरा वर्षं टिकत नाहीत. जन्म सूर्य मावळण्याआधी झाला की नंतर, एवढं आजच एका वहीत लिहून ठेवा.